आंतोनियो विवाल्दी

आंतोनियो लुचो विवाल्दी (४ मार्च, इ.स. १६७८ – २८ जुलै, इ.स. १७४१) हे व्हेनिस प्रजासत्ताकातील संगीतरचनाकार, व्हायोलिनवादक, संगीतशिक्षक आणि रोमन कॅथलिक धर्मगुरू होते. युरोपीय संगीताच्या इतिहासातील बरोक कालखंडाच्या प्रमुख रचनाकारांमध्ये त्यांची गणना होते. एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यातील संवादावर आधारलेल्या 'कॉन्चेर्तो' या रचनाप्रकाराला निश्चित रूप देण्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. त्यांनी सुमारे ५०० कॉन्चेर्तो लिहिले. त्यांपैकी 'चार ऋतू' या नावाने ओळखले जाणारे चार व्हायोलिन कॉन्चेर्तो जगभर लोकप्रिय आहेत.

व्हायोलिनखालोखाल विवाल्दी यांनी सर्वाधिक एकल कॉन्चेर्तो बासून या खर्जातील सुषिर वाद्यासाठी लिहिले. असे ३९ कॉन्चेर्तो उपलब्ध असून त्यांपैकी दोन अपूर्ण आहेत. त्यांतील एकही त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. विवाल्दी यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन शतके ही रचना अज्ञात राहिली आणि विसाव्या शतकात त्यांची हस्तलिखिते सापडल्यावरच पुन्हा वाजवली जाऊ लागली.

प्रारंभिक जीवन

विवाल्दी यांचा जन्म ४ मार्च, इ.स. १६७८ रोजी व्हेनिस येथे झाला. जन्मतः त्यांच्या जिवाला धोका असल्याने सुइणीने घरीच त्यांना बाप्तिस्मा दिला. चर्चमधील विधिवत संस्कार दोन महिन्यांनी, ६ मे रोजी, सान जोव्हान्नी इन ब्रागोरा या चर्चमध्ये पार पडला. त्यांच्या आईचे नाव कामिल्ला कालिक्यो होते. वडील जोव्हान्नी बात्तिस्ता हे आधी न्हाव्याचा व्यवसाय करीत. पुढे ते व्यावसायिक व्हायोलिनवादक झाले आणि इ.स. १६८५ मध्ये सेंट मार्कच्या बॅसिलिकातील वाद्यवृंदात त्यांची नेमणूक झाली. आंतोनियो यांना व्हायोलिनचे पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले.

त्या काळी सामान्य कुटुंबातील मुलाला शिक्षण आणि प्रतिष्ठा मिळवून देणारा एक खात्रीचा मार्ग म्हणजे चर्चची सेवा. विवाल्दी यांनी इ.स. १६९३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, धर्मगुरुपदाचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. २३ मार्च, इ.स. १७०३ रोजी त्यांना दीक्षा मिळाली. केसांच्या तांबूस रंगामुळे ते व्हेनिसमध्ये 'लाल पाद्री' या अर्थाच्या टोपणनावाने ओळखले जात.

लहानपणापासून त्यांना छातीचा विकार होता. त्यांनी पत्रात केलेल्या वर्णनावरून तो दम्याचा असावा, असे मानले जाते. या विकारामुळे प्रार्थनाविधी अर्ध्यावर सोडून वेदीवरून निघून जाण्याची वेळ आपल्यावर तीनदा आली, असे त्यांनी पुढे एका पत्रात कळवले होते. दीक्षेनंतर काही वर्षांतच त्यांनी मास हा प्रार्थनाविधी करणे कायमचे बंद केले. ते धर्मगुरू मात्र अखेरपर्यंत राहिले.

पिएता संस्थेतील कार्य

सप्टेंबर, इ.स. १७०३ मध्ये विवाल्दी यांची ऑस्पेदाले देल्ला पिएता या संस्थेत व्हायोलिनशिक्षक म्हणून नेमणूक झाली. टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळ करणारी ही संस्था चौदाव्या शतकापासून कार्यरत होती. व्हेनिसमध्ये अशा चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या. तेथील मुलींना संगीताचे उत्तम शिक्षण दिले जाई. निवडक मुलींचा वाद्यवृंद आणि गायनवृंद चर्चमधील उपासनेच्या वेळी संगीत सादर करीत असे. जाळीच्या आडून होणारे हे सादरीकरण ऐकण्यासाठी दूरदूरचे प्रवासी व्हेनिसला येत आणि त्यांच्या देणग्यांमुळे संस्थेच्या उत्पन्नात भर पडे.

या मुली केवळ गायन आणि व्हायोलिनवादन करीत नसत. फ्रेंच प्रवासी शार्ल द ब्रॉस यांनी इ.स. १७३९ मध्ये व्हेनिसला भेट दिली. त्यांच्या वर्णनानुसार या मुली बासरी, ऑर्गन, ओबो, चेलो आणि बासूनही वाजवीत. एकाच छताखाली इतक्या प्रकारची वाद्ये आणि ती वाजवणाऱ्या निपुण व्यक्ती उपलब्ध असणे ही रचनाकाराच्या दृष्टीने दुर्मीळ संधी होती. विवाल्दी यांनी इतक्या वेगवेगळ्या वाद्यांसाठी एकल रचना केल्या, त्यामागे पिएतामधील ही परिस्थिती हे एक महत्त्वाचे कारण होते.

विवाल्दी यांचे प्रारंभीचे वार्षिक वेतन ६० डुकाट होते. पुढील वर्षी आणखी एक तंतुवाद्य शिकवण्याची जबाबदारी आल्याने ते १०० डुकाट झाले. तथापि ही नोकरी कायमस्वरूपी नव्हती. संस्थेचे संचालक मंडळ दरवर्षी मतदान करून शिक्षकांना मुदतवाढ देत असे. इ.स. १७०९ मध्ये विवाल्दी यांच्या विरोधात सात आणि बाजूने सहा मते पडली आणि त्यांना पद सोडावे लागले. इ.स. १७११ मध्ये मंडळाने एकमताने त्यांना परत बोलावले. इ.स. १७१६ मध्ये त्यांना वाद्यसंगीताचे प्रमुख करण्यात आले. त्याच वर्षी त्यांचा 'जुदिता त्रिउम्फान्स' हा लॅटिन भाषेतील ऑराटोरिओ पिएतामध्ये सादर झाला. त्यातील स्त्री-पुरुषांच्या सर्व भूमिका मुलींनीच गायल्या.

इ.स. १७२३ मध्ये संस्थेने त्यांच्याशी नवा करार केला. त्यानुसार त्यांनी दरमहा दोन कॉन्चेर्तो पुरवायचे होते आणि व्हेनिसमध्ये असताना तालमी घ्यायच्या होत्या. प्रवासात असतानाही ते रचना पाठवू शकत. विवाल्दी यांच्या कॉन्चेर्तोंची संख्या इतकी मोठी का आहे, याचा उलगडा या करारावरून होतो. नवी रचना ही त्या काळी सतत लागणारी गरज होती आणि जुनी रचना जपून ठेवण्याची प्रथा रूढ झालेली नव्हती.

प्रकाशित रचना, ऑपेरा आणि प्रवास

विवाल्दी यांचा पहिला सोनाटासंग्रह इ.स. १७०५ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची युरोपभर कीर्ती झाली ती 'लेस्त्रो आर्मोनिको' या बारा कॉन्चेर्तोंच्या संग्रहामुळे. हा संग्रह इ.स. १७११ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील एस्तिएन रोझे यांच्या छापखान्यातून बाहेर पडला. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख यांनी त्यातील काही कॉन्चेर्तोंचे ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी रूपांतर केले. चार व्हायोलिनांसाठीच्या एका कॉन्चेर्तोवरून त्यांनी चार हार्पसिकॉर्डांसाठी रचना केली. ड्रेस्डेन दरबारातील व्हायोलिनवादक योहान गेओर्ग पिझेन्डेल हे इ.स. १७१६ मध्ये व्हेनिसला आले आणि विवाल्दी यांच्याकडे शिकले. त्यांच्यामुळे विवाल्दी यांच्या अनेक रचनांच्या प्रती ड्रेस्डेनला पोहोचल्या.

इ.स. १७१३ मध्ये विचेंझा येथे 'ओत्तोने इन विल्ला' हा त्यांचा पहिला ऑपेरा रंगभूमीवर आला. पुढे व्हेनिसमधील सांत'आंजेलो नाट्यगृहाचे व्यवस्थापनही त्यांनी सांभाळले. इ.स. १७१८ ते १७२० या काळात ते मांतुआ येथे हेसे-डार्मश्टाटचे राजपुत्र फिलिप यांच्या सेवेत होते. इ.स. १७२५ मध्ये 'चार ऋतू' समाविष्ट असलेला बारा कॉन्चेर्तोंचा संग्रह ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. तो त्यांनी बोहेमियाचे काउंट व्हेंझेल फॉन मोर्त्झिन यांना अर्पण केला. इ.स. १७२७ मधील 'ला चेत्रा' हा संग्रह पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याला अर्पण केलेला आहे.

आपण ९४ ऑपेरा लिहिल्याचा दावा विवाल्दी यांनी एका पत्रात केला होता. अभ्यासकांना त्यांपैकी सुमारे ५० ऑपेरांची निश्चिती करता आली आहे. इ.स. १७३५ मध्ये 'ग्रिसेल्दा' या ऑपेरासाठी तरुण नाटककार कार्लो गोल्दोनी यांनी त्यांच्याबरोबर काम केले. विवाल्दी यांची शिष्या आन्ना जिरो हिच्या आवाजाला आणि अभिनयाला साजेसे गीत गोल्दोनी यांनी तेथेच बसून लिहून दिले आणि साशंक विवाल्दी यांचा विश्वास संपादन केला. गायक किंवा वादक यांची बलस्थाने ओळखून रचना करणे हा विवाल्दी यांच्या कार्यपद्धतीचा गाभा होता. त्यांच्या वाद्यसंगीतातही तो आढळतो.

बासून कॉन्चेर्तो

बासून हे लाकडी सुषिर वाद्य आहे. त्याची सुमारे अडीच मीटर लांबीची नळी मध्यावर दुमडलेली असते. सनईप्रमाणेच ते दुहेरी पत्तीने वाजवले जाते, मात्र ही पत्ती वाद्याला जोडलेल्या वाकड्या धातूच्या नळीवर बसवतात. सोळाव्या शतकापासून प्रचारात असलेले डल्सियन हे त्याचे पूर्वरूप एकाच लाकडी ठोकळ्यातून कोरलेले असे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार स्वतंत्र भागांचे बरोक बासून विकसित झाले. त्याला तीन किंवा चारच चाव्या असत. आधुनिक बासूनला वीसपेक्षा अधिक चाव्या असतात.

विवाल्दी यांच्या पूर्वी बासूनचे मुख्य काम चेलो आणि हार्पसिकॉर्ड यांच्याबरोबर खर्जाची ओळ वाजवून संगीताला आधार देण्याचे होते. या साथीच्या वाद्याला वाद्यवृंदासमोर एकल वादकाचे स्थान देणाऱ्या रचना तुरळकच होत्या. विवाल्दी यांनी त्यासाठी ३९ कॉन्चेर्तो लिहिले, ही बाब म्हणूनच लक्षणीय ठरते. डॅनिश अभ्यासक पेटर र्योम यांच्या सूचीत या कॉन्चेर्तोंना आरव्ही ४६६ ते आरव्ही ५०४ असे क्रमांक देण्यात आले आहेत.

हे कॉन्चेर्तो कोणासाठी लिहिले गेले, याविषयीचे मोजके पुरावे हस्तलिखितांवरच आढळतात. आरव्ही ५०२ या कॉन्चेर्तोवर व्हेनिसमधील वादक जुझेप्पे बियांकार्दी यांचे नाव आहे. आरव्ही ४९६ वर मोर्त्झिन यांचे नाव आढळते. मोर्त्झिन यांच्या पदरी उत्तम वाद्यवृंद होता आणि विवाल्दी त्यांना इटलीहून रचना पुरवीत असत. काही बासून कॉन्चेर्तो विवाल्दी यांनी ओबोसाठीही रूपांतरित केले. वादक बदलला की तीच सामग्री नव्या वाद्याच्या आवाक्यानुसार ते पुन्हा घडवीत.

या कॉन्चेर्तोंत बहुधा जलद, विलंबित आणि जलद अशी तीन प्रकरणे असतात. जलद प्रकरणांची उभारणी 'रितोर्नेल्लो' पद्धतीवर झालेली असते. वाद्यवृंद प्रारंभी एक ठळक विषय मांडतो. हा विषय पुढे ध्रुवपदासारखा, पूर्ण किंवा अंशतः, वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत परत येतो. या आवर्तनांमधील मोकळ्या जागेत एकल वादकाचे भाग येतात. या भागांत वाद्यवृंद बहुधा विरळ होतो. कित्येकदा केवळ खर्जाची साथ उरते, त्यामुळे बासूनचा मृदू आवाज झाकोळला जात नाही.

बासूनच्या स्वरपल्ल्याचा विवाल्दी यांनी केलेला उपयोग विशेष उल्लेखनीय आहे. या वाद्याचे खालचे स्वर भरदार, तर वरचे स्वर मानवी आवाजाच्या जवळचे असतात. विवाल्दी यांनी या दोन्ही टोकांमध्ये झपाट्याने उड्या मारणाऱ्या स्वरावली योजल्या. परिणामी एकच वादक आलटून पालटून दोन व्यक्तींचे बोलणे सादर करीत असल्याचा भास होतो. विलंबित प्रकरणांत मात्र बासूनला ऑपेरातील गायकासारखी दीर्घ, गेय सुरावट दिलेली असते.

या समूहातील आरव्ही ५०१ हा कॉन्चेर्तो 'ला नोत्ते', म्हणजे 'रात्र', या नावाने ओळखला जातो. त्यातील भागांना भुते, निद्रा आणि उषःकालाचा उदय या अर्थांची शीर्षके आहेत. ई मायनर स्वरपट्टीतील आरव्ही ४८४ हा आज सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या बासून कॉन्चेर्तोंपैकी एक आहे.

वादन आणि अर्थनिर्णय

विवाल्दी यांची हस्तलिखिते वेगाने लिहिलेली असून त्यांत अनेक संक्षेप आहेत. आवाजाचा चढ-उतार, स्वरांची जोडणी आणि अलंकरण यांविषयीच्या सूचना त्यांत थोड्याच आढळतात. त्या काळच्या वादकाला बऱ्याच गोष्टी परंपरेने ठाऊक असत आणि रचनाकार अनेकदा स्वतः तालमीला हजर असे. ती परंपरा खंडित झाल्यामुळे आजच्या वादकाला अनेक निर्णय स्वतः घ्यावे लागतात. बर्लिन दरबारातील बासरीवादक योहान योआखिम क्वान्ट्स यांचा इ.स. १७५२ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ यासाठी महत्त्वाचे साधन मानला जातो. त्यात बासरीबरोबरच ओबो आणि बासूनवादनाविषयीही मार्गदर्शन आहे. क्वान्ट्स यांच्यावर तरुणपणी विवाल्दी यांच्या कॉन्चेर्तोंचा प्रभाव पडला होता.

पहिला प्रश्न श्वासाचा असतो. व्हायोलिनवादकाला अखंड वाजवता येतील अशा द्रुत स्वरांच्या लांबलचक मालिका विवाल्दी यांनी बासूनलाही दिल्या आहेत. त्यांत श्वास घेण्यासाठी उघड विराम क्वचितच असतो. वाक्याचा अर्थ न बिघडवता कोठे थांबायचे, हे वादकाला स्वरसंहतीच्या गतीवरून ठरवावे लागते. सामान्यतः एखादी स्वरावली पूर्ण होऊन तीच पुढच्या पायरीवर सुरू होते, तो सांधा श्वासासाठी योग्य ठरतो. मात्र प्रत्येक सांध्यावर थांबल्यास मालिकेतील ओढ नाहीशी होते.

दुसरा प्रश्न उच्चारणाचा, म्हणजे स्वर जिभेने तोडून वाजवायचे की एका फुंकीत जोडायचे, याचा आहे. बरोक संगीताची तुलना त्या काळी वक्तृत्वाशी केली जात असे. त्यामुळे सर्व स्वर सारख्या वजनाने वाजवणे अपेक्षित नव्हते. मात्रेवरील स्वराला अधिक आणि मधल्या स्वराला कमी वजन दिले की वाक्य बोलल्यासारखे ऐकू येते. मोठ्या उड्या असलेल्या ठिकाणी खर्जातील स्वर किंचित टेकून आणि वरचे स्वर हलके वाजवल्यास दोन आवाजांमधील संवाद स्पष्ट होतो. जुन्या छापील आवृत्त्यांतील काही खुणा संपादकांनी घातलेल्या आहेत. म्हणून शक्य तेथे मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

तिसरा प्रश्न अलंकरणाचा आहे. विलंबित प्रकरणात लिहिलेली सुरावट पुष्कळदा केवळ सांगाडा असते. तिच्या पुनरावृत्तीच्या वेळी वादकाने स्वतःच्या कल्पनेने तिचा विस्तार करावा, अशी इटालियन पद्धत होती. अलंकरण अजिबात न केल्यास रचना ओकीबोकी वाटू शकते. ते अति झाल्यास मूळ सुरावट हरवते. खालच्या खर्जाच्या ओळीशी सुसंगत राहणे ही या स्वातंत्र्याची मर्यादा मानली जाते.

वाद्याच्या निवडीनेही अर्थ बदलतो. बरोक बासूनवर अनेक अर्धस्वर काढताना मधले छिद्र उघडे ठेवून त्याखालची छिद्रे बंद करावी लागतात. असे स्वर काहीसे झाकलेले ऐकू येतात. त्यामुळे प्रत्येक स्वरपट्टीला वेगळा रंग येतो आणि मायनर स्वरपट्टीतील रचना अधिक गूढ वाटते. आधुनिक बासूनवर सर्व स्वर एकसारखे आणि स्थिर उमटतात, तसेच मोठ्या सभागृहात वाद्याचा आवाज नीट पोहोचतो. दोन्ही पद्धतींचे वादक आज आहेत. आधुनिक वाद्यावरही हलके उच्चारण, कमी कंपन आणि मोजकी साथ यांच्या साहाय्याने बरोक शैली साधता येते.

साथीदारांची निवड हाही अर्थनिर्णयाचाच भाग आहे. हार्पसिकॉर्ड, चेलो, थिऑर्बो हे लांब मानेचे तंतुवाद्य किंवा छोटा ऑर्गन यांपैकी कोणती वाद्ये कोठे वापरायची, यावर रचनेचा रंग अवलंबून असतो. एकल वादक वाद्यवृंदाच्या भागातही खर्जाची ओळ वाजवू शकतो. तसे केल्यास बासून समूहातून बाहेर येते आणि पुन्हा समूहात मिसळते. साथीचे वाद्य आणि एकल वाद्य ही त्याची दोन्ही रूपे श्रोत्याला एकाच रचनेत अनुभवता येतात.

अखेरची वर्षे

इ.स. १७३० नंतर व्हेनिसच्या रसिकांची आवड बदलू लागली. नेपल्सच्या रचनाकारांची नवी, अधिक सोपी आणि गीतप्रधान शैली लोकप्रिय झाली. इ.स. १७३७ मध्ये फेर्रारा येथे ऑपेरा सादर करण्याची विवाल्दी यांची योजना होती. विवाल्दी मास करीत नाहीत आणि आन्ना जिरो हिच्याशी त्यांचे निकटचे संबंध आहेत, या कारणांवरून तेथील कार्डिनल तोम्मासो रुफ्फो यांनी त्यांना शहरात येण्यास मनाई केली. विवाल्दी यांनी आपल्या आजाराचा हवाला देत आरोपांचे खंडन केले, परंतु त्यांना मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागले. द ब्रॉस यांनी इ.स. १७३९ मध्ये त्यांची भेट घेतली, तेव्हा इतक्या मोठ्या रचनाकाराला त्याच्याच शहरात पुरेसा मान मिळत नसल्याचे पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

इ.स. १७४० मध्ये विवाल्दी यांनी पिएताला काही कॉन्चेर्तो विकले आणि व्हेनिस सोडले. सहावा चार्ल्स हा त्यांच्या संगीताचा चाहता असल्याने व्हिएन्नामध्ये आश्रय मिळेल, अशी त्यांना आशा असावी. मात्र २० ऑक्टोबर, इ.स. १७४० रोजी सम्राटाचा मृत्यू झाला आणि दरबार शोकात बुडाला. पाठोपाठ ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध सुरू झाले. जून, इ.स. १७४१ मध्ये विवाल्दी यांनी काही रचना काउंट कोलाल्तो यांना विकल्याची पावती उपलब्ध आहे.

२७ आणि २८ जुलै, इ.स. १७४१ दरम्यानच्या रात्री वयाच्या ६३ व्या वर्षी व्हिएन्नामध्ये त्यांचे निधन झाले. एका खोगीर बनवणाऱ्या कारागिराच्या विधवेच्या घरी ते राहत होते. त्यांचा अंत्यविधी अत्यंत साधेपणाने झाला आणि नागरी रुग्णालयाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ही दफनभूमी आज अस्तित्वात नाही.

विस्मरण आणि हस्तलिखितांचा शोध

मृत्यूनंतर विवाल्दी यांचे संगीत लवकरच मागे पडले. एकोणिसाव्या शतकात बाख यांच्या कार्याचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्यांच्या रूपांतरांचा मूळ रचनाकार म्हणून विवाल्दी यांचे नाव पुन्हा पुढे आले. ॲम्स्टरडॅमला छापलेले संग्रह आणि ड्रेस्डेनमधील प्रती अभ्यासकांना ठाऊक होत्या. मात्र बासून कॉन्चेर्तो विवाल्दी यांच्या स्वतःच्या हस्तलिखित संग्रहात राहिले होते आणि तो संग्रह कोठे आहे, हे कोणालाही माहीत नव्हते.

विवाल्दी यांच्यानंतर हा संग्रह व्हेनिसमधील सरदार जाकोपो सोरान्झो यांच्याकडे होता. पुढे तो जिनोव्हाचे राजनीतिज्ञ जाकोमो दुरात्सो यांच्याकडे गेला. त्यांच्या वंशजांमध्ये वाटण्या होऊन संग्रहाचे दोन भाग झाले. त्यांपैकी एक भाग पीडमाँट प्रांतातील सालेसियन धर्मगुरूंच्या एका शाळेकडे आला. इ.स. १९२६ मध्ये शाळेने जुने ग्रंथ विकण्याचे ठरवून तुरीन येथील राष्ट्रीय ग्रंथालयाकडे मूल्यांकनासाठी विचारणा केली. ग्रंथालयाचे संचालक लुइजी तोर्री यांनी हे काम तुरीन विद्यापीठातील संगीत-अभ्यासक आल्बेर्तो जेंतीली यांच्याकडे सोपवले. पेट्या उघडल्यावर त्यांत विवाल्दी यांच्या हस्तलिखितांचे १४ खंड मिळाले.

ग्रंथालयाकडे खरेदीसाठी पुरेसा निधी नव्हता आणि बाजारात आल्यास संग्रह विखुरण्याची भीती होती. जेंतीली यांच्या प्रयत्नांमुळे रोबेर्तो फोआ या शेअर दलालांनी इ.स. १९२७ मध्ये संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. अर्भकावस्थेतच दगावलेला त्यांचा मुलगा माउरो याचे नाव संग्रहाला देण्यात आले. खंडांच्या पाहणीवरून संग्रहाचा उरलेला भाग अन्यत्र असल्याचे जेंतीली यांच्या लक्षात आले. शोध घेतला असता तो जिनोव्हा येथे दुरात्सो घराण्याच्या वारसाकडे आढळला. फिलिप्पो जोर्दानो या कापड उद्योजकांनी इ.स. १९३० मध्ये हा भाग खरेदी करून ग्रंथालयाला दिला. त्यांचाही मुलगा रेन्झो बालपणी मरण पावला होता आणि या भागाला त्याचे नाव आहे. अशा प्रकारे दोन पित्यांनी आपल्या मृत मुलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणग्यांमुळे २७ खंड एकत्र आले. बासून कॉन्चेर्तोंची हस्तलिखिते प्रामुख्याने याच खंडांत आहेत.

या शोधाचे फळ जेंतीली यांना मात्र चाखता आले नाही. ते ज्यू होते आणि इ.स. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीने केलेल्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठातून दूर करण्यात आले. सप्टेंबर, इ.स. १९३९ मध्ये सिएना येथे आल्फ्रेदो कासेल्ला यांच्या मार्गदर्शनाखाली विवाल्दी सप्ताह आयोजित झाला आणि तुरीनमधील रचना प्रथमच मोठ्या प्रमाणात लोकांसमोर आल्या. इ.स. १९४७ मध्ये आंतोनियो फान्ना यांनी विवाल्दी यांच्या नावाने संस्था स्थापन केली. रचनाकार जान फ्रांचेस्को मालिपिएरो यांच्या देखरेखीखाली रिकोर्दी या प्रकाशनसंस्थेने सर्व वाद्यसंगीत छापण्यास प्रारंभ केला. त्यामुळे बासून कॉन्चेर्तो प्रथमच जगभरातील वादकांच्या हाती पडले.

मूल्यमापन आणि वारसा

विवाल्दी यांनी एकच कॉन्चेर्तो शेकडो वेळा लिहिला, असा आक्षेप विसाव्या शतकात घेतला गेला. त्यांच्या रचनांचा आराखडा बऱ्याचदा सारखा असतो, हे खरे आहे. करारानुसार दरमहा नव्या रचना पुरवणाऱ्या रचनाकाराला तसा आराखडा आवश्यकही होता. मात्र बासून कॉन्चेर्तोंचा क्रमाने अभ्यास केल्यास त्या आराखड्यातील विविधता लक्षात येते. रितोर्नेल्लोचे आवर्तन कोठे तोडायचे, एकल वाद्याला कोणत्या क्षणी एकटे सोडायचे आणि खर्जातून गेय सुरावटीकडे कसे वळायचे, याची उत्तरे प्रत्येक कॉन्चेर्तोत वेगळी आहेत.

आज हे कॉन्चेर्तो बासूनच्या अभ्यासक्रमात आणि स्पर्धांमध्ये नेहमी समाविष्ट असतात. जर्मन वादक क्लाउस थुनेमान यांनी आधुनिक बासूनवर त्यांतील अनेकांचे ध्वनिमुद्रण केले. अमेरिकन वादक डॅनियल स्मिथ यांनी ३७ पूर्ण कॉन्चेर्तोंचे ध्वनिमुद्रण केले. इटालियन वादक सेर्जो आत्सोलिनी यांनी बरोक बासूनवर ते सादर करून या रचनांच्या ऐतिहासिक शैलीतील वादनाला चालना दिली.

तुरीन येथील २७ खंड आजही राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात फोआ आणि जोर्दानो या दोन संग्रहांच्या नावांनी जतन केलेले आहेत. बासून कॉन्चेर्तोंच्या नव्या आवृत्त्या तयार करताना आणि वादनविषयक शंका सोडवताना अभ्यासक व वादक याच हस्तलिखितांचा आधार घेतात.